शीट नंबर सात

बंगळूरहून चोवीस शीटं आली, एका गुंडाळीत,
एसटीच्या पार्सलातून, टोकाला रसवंतीचा डाग घेऊन.
शिरपूरच्या पुढे, बोराडी रस्त्याला,
सूतगिरणीवाल्यांच्या त्रेसष्ट एकरांवर
मी ती जीपच्या बॉनेटवर उलगडली
आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.
वाऱ्याला सगळं एकदम वाचायचं असतं.

पहिल्या शीटवर फक्त जे आहे ते:
तीन निंब, एक आडवी बाभूळ, कोरडं लवण.
दुसऱ्यावर काय जाणार. तिसऱ्यावर काय राहणार.
ही दोन शीटं वेगळी ठेवतात, हे मला फार आवडलं.
आमच्या घरी ती नेहमी एकाच कागदावर असायची.

चौथ्यापासून रेषा दाट होत जातात,
माळावर अर्ध्या मीटरला एक,
ग्रीनपाशी दहा सेंटिमीटरला एक,
गोधडीच्या काठाला टाके दाटतात तशा.

भटू सोनवणे, डोझरवाला, मूळचा साक्रीचा,
डोक्यावरचा रुमाल सोडून विचारतो,
"ताई, चेंडू माराना शे, त्याले इतला कागद?"
मी म्हणते, चेंडू कुठे थांबेल ते कागदाला ठाऊक नाही.
पाणी कुठे थांबू नये, एवढं ठाऊक आहे.

शीट सात म्हणजे चौथ्या ग्रीनचं पोट.
मधे एक जाड नळी, दोन्ही अंगांनी बारक्या,
तापीच्या माशाचा काटा ताटात उरतो तशी.
वर दहा सेंटिमीटर खडी, त्यावर तीस सेंटिमीटर वाळू.
आणि खाली ही आमची काळी,
जी पाणी एकदा पोटात घेते
आणि महिनाभर सोडत नाही,
लग्नातल्या मानपानाच्या रागासारखी.

वाळू पडायच्या आधी, मे महिन्यात,
भर दुपारी आम्ही टँकर रिकामा केला.
त्रेचाळीस डिग्रीत खोटा पाऊस.
पाणी काट्याकडे धावलं, उतार बरोबर, सगळं बरोबर,
आणि मग डाव्या अंगाला, परातीएवढ्या जागेत,
बसून राहिलं.

भटू इंजिन बंद करून म्हणाला,
"मी सांगेल व्हतं. पानी आठे थांबी.
सीटवर बसेल मानूसले समजस."

रात्री विश्रामगृहात पंख्याखाली
मी शीट सातवरचे आकडे तीनदा जोडले.
आकडा कुठेच चुकला नव्हता.
चुकीचा कागद फाडता येतो,
बरोबर कागदाचं काय करतात?

सकाळी लेव्हल लावली.
एक्केचाळीस नंबरची खुंटी अठरा सेंटिमीटर खाली.

शेळ्या घेऊन बांधावर उभी होती वेडूबाई.
मी काही विचारायच्या आत तिनं सांगून टाकलं,
"मन्ही बकरी पयी जास. दोर बांधाले मीच उपटी.
मंग मीच ठोकी दिधी. चांगली खोल."
चांगली खोल. दगडानं. काम नीट व्हावं म्हणून.

चोवीस शीटं, आठशे बारा आकडे,
बंगळूरच्या थंड खोलीतली दीड वर्षं,
आणि हे सगळं हातभर लाकडावर उभं,
ज्याच्या डोक्यावर लाल रंगाचा एक ठिपका.

भटूनं भर टाकली, रोलर फिरवला.
पुन्हा टँकर. पाणी गेलं,
आणि जाताना कसला आवाजही नाही.

शेवटचं शीट आम्ही काढायचं असतं,
जसं प्रत्यक्षात झालं तसं.
बाभूळ राहिली, तिच्याभोवती बंकर वळवला, ते काढलं.
नळी लवणापाशी दोन फूट सरकली, ते काढलं.
मग एक्केचाळीसपाशी पेन्सिल थांबली.
तिथे आता दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं,
आराखड्याप्रमाणेच होतं.

तरी शेरे लिहायच्या चौकोनात
मी बारीक अक्षरात लिहिलं:
खुंटी क्र. ४१, पुन्हा ठोकली.
आणि शाई वाळेपर्यंत
कागदावर हात ठेवून बसले,
बाहेर वेडूबाई शेळीला हाका मारत होती.